सामायिक किल्ली

अभिनंदन! किनाऱ्यावरच्या बसगाड्या आणि खाडीतल्या फेरीबोटी यांच्या स्मार्टकार्ड तिकिटांसाठी सॅम तयार करायचं काम शेवटी तुमच्याच गळ्यात पडलं. सॅम म्हणजे मोबाईलच्या जुन्या, मोठ्या सिमएवढी चिप, 25 बाय 15 मिलिमीटर. कंडक्टरच्या मशीनच्या पोटात बसते. कार्ड खरं की खोटं हे ज्यांच्या जोरावर कळतं, त्या गुप्त किल्ल्या, म्हणजे लांबलचक गुप्त आकडे, तिच्यात असतात. एवढीशी तर वस्तू, तिचं काय मनावर घ्यायचं!

पुस्तकी माणसं सांगतील, मुख्य किल्ली एकाच्या हाती देऊ नका. तिचे तीन भाग करा, तीन माणसांना सीलबंद लिफाफ्यात द्या, प्रत्येकाने बंद खोलीत येऊन आपापला भाग टाकायचा, दुसऱ्याने डोकवायचं नाही. हे कोकणी माणसाला सांगताय? आमच्या कलमांच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत. त्यातले चार बोरिवलीला, एक दुबईत, दोन स्वर्गात. कुंपणाच्या एका गड्याची मजुरी ठरवायलासुद्धा ते कधी एकत्र आलेले नाहीत. तेव्हा सामायिकाच्या भानगडीत पडू नका, तिन्ही लिफाफे एकाच कपाटात टाका. एका कचेरीत मी ते पाहिलेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली. ‘भाग 2’ लिहिलेल्या लिफाफ्यावर कोणीतरी पेनाने हिशेब मांडला होता: पाव, सुकट, रॉकेल. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला.

मुख्य किल्ली आणि कार्डाचा नंबर यांतून प्रत्येक कार्डाची वेगळी किल्ली काढतात, म्हणजे एक कार्ड फुटलं तरी बाकीची शाबूत राहतात. नसती कटकट! सगळ्या कार्डांना एकच किल्ली ठेवा, आणि तीही कारखान्यातून येते तीच. मायफेअर क्लासिक नावाच्या स्मार्टकार्डाला ती बारा वेळा एफ असते, लक्षात ठेवायला किती सोपी! त्या कार्डाचं 48 बिटांचं कुलूप नेदरलँड्सच्या संशोधकांनी 2008 साली उघडून दाखवलं हे खरं. पण नेदरलँड्स कुठे आणि आपलं दाभोळ कुठे?

चाचणीचे सॅम आणि खरे सॅम एकाच चिवड्याच्या डब्यात ठेवा. किल्ली भरल्यावर तपासणीचे सहा आकडे-अक्षरं ताडून बघायची असतात. नाहीच जुळली तर चष्मा पुसा. सॅम उघडायचा पासवर्ड मशीनच्या पाठीवर चिकटपट्टीवर लिहा. (पावसाळ्यात चिकटपट्टी सुटते. कर्कटकाने कोरलेलं बरं.)

पैसे कापणारा सॅम वेगळा आणि कार्डात पैसे भरणारा वेगळा, असाही एक सोवळेपणा आहे. भरायची किल्ली फक्त खिडकीवरच्या मशीनला, कंडक्टरच्या नाही. एवढा भेदभाव कशाला? सगळ्यांना सगळं देऊन टाका.

मशीन बाद झालं की सॅम काढायचा, वहीत नोंदवायचा, मग नष्ट करायचा म्हणे. गणपतीच्या तोंडावर, चाकरमानी दारात उभे असताना, हे करणार कोण? किलोवर घाला. भंगारवाला प्रामाणिक असतो. त्या कचेरीतला तर चौथ्या दिवशी परत आला, तळहातावर पाच चिपा घेऊन.

“साहेब, ही सिमं आत राहिलेली. बॅलन्स असेल काय हो ह्यांच्यात?”