रिव्हरफ्रंट झाला की मुळा-मुठा स्वच्छ होणार?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'रिव्हरफ्रंट पूर्ण झाला की नदीचं पाणी स्वच्छ होणार. विरोध करणाऱ्यांना नदी घाणच हवी आहे.' यातली दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

इथे दोन वेगळ्या योजनांची सरमिसळ झाली आहे. मैलापाणी शुद्ध करणारी ११ केंद्रं जपानच्या 'जायका' संस्थेच्या कर्जातून होत आहेत. तो करार जानेवारी २०१६ चा. रिव्हरफ्रंट ही महापालिकेची स्वतंत्र, सुमारे ४४ किलोमीटरची योजना. तिचा मुख्य भर काठ बांधणं, पायवाटा, बागा आणि पूरनियंत्रण यांवर. काठालगत ड्रेनेजच्या वाहिन्या टाकल्या जातील, हे खरं. पण वाहिनी मैला पुढे नेते, तो शुद्ध होतो केंद्रातच. केंद्रं रखडली तर चकचकीत घाटावर नाक दाबूनच फिरावं लागेल!

आता विरोधाचं. एप्रिल २०२३ मधला 'चिपको' मोर्चा काठावरची झाडं तोडण्याविरुद्ध होता, स्वच्छतेविरुद्ध नव्हे. उलट 'जीवितनदी'सारख्या संस्थेचे स्वयंसेवक विठ्ठलवाडीला आणि औंधच्या राम नदी-मुळा संगमावर नदीकाठ दत्तक घेऊन काम करत आले आहेत. झाडांच्या मुळांत अडकलेल्या साड्या, प्लॅस्टिक, निर्माल्य ओढून काढायचं आणि आलेल्यांना काठावरच्या झाडांतला वाळुंज कुठला, करंज कुठला ते दाखवायचं. 'नदी घाणच हवी' असलेली माणसं हे कशाला करतील?

मेसेज पुढे ढकलण्याआधी आपल्या प्रभागातल्या शुद्धीकरण केंद्राचं काम कुठवर आलंय, ते नगरसेवकाला विचारा.