ट्रॅकर ओव्हरले का काढला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू वाचला. आम्ही आमच्या गेमिंग कॅफेतल्या सगळ्या पीसींवरून व्हॅलोरंट या पाच-पाच जणांच्या शूटिंग गेमचा ट्रॅकर ओव्हरले, म्हणजे खेळाडूंचे आकडे खेळतानाच स्क्रीनवर दाखवणारं अ‍ॅप, न सांगता काढला, तीन तासांचे पैसे भरून बसल्यावर तुम्हाला ते कळलं, आणि ‘टॉक्सिक माणसं असतात, अ‍ॅप नाही’, असं तुम्ही लिहिलंय.

न सांगता काढला हे खरं आहे, चूक माझी. पाटी आधीच लावायला हवी होती, ती काल लावली. तुमचे पैसे परत देतो.

ओव्हरले मात्र परत बसवणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सहा नंबरच्या पीसीवर अकरावीतला एक मुलगा बसायचा. शेजारच्या चौघांना पाचवा हवा होता, त्यांनी त्याला घेतलं. व्हॅलोरंटमध्ये खेळाडूने स्वतः लॉगिन करून परवानगी दिल्याशिवाय ट्रॅकरला त्याचे आकडे दाखवता येत नाहीत, हा गेम बनवणाऱ्या रायट कंपनीचा नियम चांगलाच आहे. पण चार मोठी मुलं खुर्चीमागे उभी राहून ‘कर ना लॉगिन’ म्हणाली की कोण नाही म्हणेल? एजंट सिलेक्टवर, म्हणजे मॅचआधी पात्र निवडायच्या स्क्रीनवर, त्याचे आकडे दिसले आणि एकही गोळी सुटायच्या आत ‘बॉट (अगदीच कच्चा) आलाय रे’ सुरू झालं.

तो ओमेन हे पात्र घेऊन खेळत होता. शेवटच्या राउंडला त्याने वेळेवर स्मोक (धुराचे पडदे) टाकले, स्पाइक (बॉम्ब) लावला आणि मागची वाट धरून बसला. राउंड जिंकली, मी मागेच उभा होतो. तरी एकाने त्याच्या स्क्रीनवर बोट आपटून सगळ्यात खालचा एसीएस, म्हणजे सरासरी कॉम्बॅट स्कोअर, दाखवला. एसीएस मुख्यतः डॅमेज आणि किल्सवर ठरतो. वेळेवर टाकलेला स्मोक, लावलेला स्पाइक, धरलेली वाट यांचे त्यात गुण नाहीत. मुलगा वेळ शिल्लक असताना हेडफोन काढून उठला. तेव्हापासून आलेला नाही.

शिव्या माणूसच देतो, मान्य. पण कोणाला द्यायच्या हे त्याला ओव्हरले आयतं दाखवतो. कॉलेजात मी वर्ल्ड ऑफ टँक्स हा रणगाड्यांचा गेम खेळायचो. तिथे एक्सव्हीएम हा मॉड (गेमला वरून जोडायचा प्रोग्रॅम) खेळाडूंना रेटिंगप्रमाणे रंग द्यायचा, लाल म्हणजे कच्चा, जांभळा म्हणजे मुरलेला, वर जिंकण्याची शक्यता टक्क्यांत. टक्का कमी दिसला की पहिल्याच मिनिटाला चॅटमध्ये लालवाल्यांचा उद्धार. मीही तेच केलंय, त्याची आजही लाज वाटते. खुद्द रायटनेही 2022 मध्ये त्यांच्याच लीग ऑफ लेजंड्स या गेमच्या रँक्ड सोलो क्यूमध्ये (क्रमवारीच्या मॅचेसमध्ये) चॅम्पियन, म्हणजे पात्र, निवडताना सोबत्यांची नावं झाकली, कारण नाव टाकून हिस्टरी काढायची आणि खेळायच्या आधीच माणूस मोडीत काढायचा, हा प्रकार फार वाढला होता.

आकड्यांशी माझं वैर नाही. आपला हेडशॉट टक्का, कुठल्या मॅपवर आपण सारखे मार खातो, हे बघितल्याशिवाय खेळ सुधारत नाही, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मॅच संपली की ब्राउझरमध्ये ट्रॅकरची साइट उघडा, स्वतःचे आकडे हवे तेवढे बघा. रात्री नऊनंतर गर्दी कमी असते, तेव्हा मीही शेजारी बसून बघतो.

चार नंबरच्या हेडफोनचा डावा कान बंद होता, तो बदलला. पैशांसाठी बिल नसलं तरी चालेल, रजिस्टरमध्ये तुमची नोंद आहे.