पाण्याची खोली न विचारता ‘५० बार पुरे’ सांगणाऱ्यांना

परवा भाचीने एक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘मावशी, हे बरोबर आहे ना?’ ती पुढच्या महिन्यात अंदमानला स्कूबा डायव्हिंगच्या (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या) ॲडव्हान्स्ड कोर्सला चालली आहे, म्हणजे ३० मीटरपर्यंत उतरणार. हाच मेसेज याआधी दोन-तीन ग्रुपवर पाहून मी सोडून दिला होता. आता सोडवत नाही.

त्यातले दावे असे: कुठलीही डाइव्ह असो, टाकीत ५० बार (बार हे हवेच्या दाबाचं एकक) उरले की वर निघा, पुरतात. बडीची, म्हणजे जोडीच्या डायव्हरची, टाकी हीच तुमची राखीव हवा. एक तृतीयांशाचा नियम (एक तृतीयांश हवा जायला, एक परत यायला, एक राखीव) फक्त गुहेत जाणाऱ्यांसाठी. हवा कमी पडली तर मधे मधे श्वास रोखून ती वाचवा.

पहिल्या दाव्यात खोलीचा उल्लेखच नाही. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून प्रत्येक श्वासाला चौपट हवा जाते. समजा तिथे बडीची हवा संपली आणि दोघी एकाच टाकीवर आल्या. घाबरलेल्या माणसाला पृष्ठभागावर मिनिटाला ३० लिटर धरू, दोघींचे ६०. रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं उपकरण) देऊन सावरायला एक मिनिट: २४० लिटर. मिनिटाला १० मीटर या वेगाने वर यायला तीन मिनिटं, सरासरी दाब अडीचपट: ४५० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येताना सुरक्षेसाठी घ्यायचा थांबा: २७० लिटर. एकूण ९६०. आपल्याकडे सगळीकडे मिळते ती ॲल्युमिनियमची टाकी ११.१ लिटरची, तिच्यातल्या एका बारमागे ११.१ लिटर हवा, म्हणजे लागले ८६ बार.

५० बारमध्ये हवा असते फक्त ५५५ लिटर. स्टॉप सोडून थेट वर यायचं म्हटलं तरी ६९० लिटर हवेत. या हिशेबाने त्या दोघींची टाकी १३-१४ मीटरवर रिकामी होते, डोक्यावर अजून चार मजल्यांएवढं पाणी असताना. हे गणित सातवीतल्या मुलालाही जमेल. ते न करता ‘कुठलीही डाइव्ह’ असं लिहून शेकडो लोकांना पाठवायचं, याचा मला खरोखर संताप येतो.

एक मान्य करते. तारकर्लीला १०-१२ मीटरवर, बोटीच्या दोराजवळ, ५० बारला वर निघालात तर हिशेब बसतो. कदाचित म्हणूनच अनेकांची समजूत पक्की झाली असेल. पण उथळ पाण्यात निभावलेला आकडा खोल पाण्यात नेता येत नाही.

बडीची टाकी ही माझी राखीव हवा, तर तिची राखीव हवा कुठली? माझी टाकी? आणि दोघींच्या गेजवर (टाकीतला दाब दाखवणाऱ्या काट्यावर) ५० असतील तर? माझ्या टाकीतली राखीव हवा ही दोघींसाठी असते, हाच राखीव ठेवण्याचा अर्थ आहे. कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळ एकदा १४ मीटरवर माझ्या सोबत्याची हवा संपली. त्याने माझा ऑक्टोपस (जादाचा रेग्युलेटर) घेतला तेव्हा माझा काटा ९० वर होता. स्टॉप करून वर आलो तेव्हा ४०. जेमतेम पाच-सहा मिनिटांत ५० बार गेले होते. तेव्हा मी ५० वर असते तर?

‘असं क्वचितच होतं’ असं कुणी म्हणेल. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंग-सुरक्षा संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ मधल्या ९४७ डायव्हिंग मृत्यूंचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या घटनांत सुरुवात कशाने झाली हे कळू शकलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत कारण होतं हवा अपुरी पडणं. उपकरणातला बिघाड १५ टक्के.

एक तृतीयांशाचा नियम गुहांमधून आला हे खरं, कारण तिथे सरळ वर येता येत नाही. प्रत्येक रीफवर तो लागत नाही. पण तो लागत नाही म्हणजे हिशेबच लागत नाही, असं कुठून आलं?

श्वास रोखण्याबद्दल तर वादच नको. रोखलात की शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतो, डोकं दुखतं, धाप वाढते, आणि पुढे हवा जास्तच जाते. भरल्या छातीने श्वास रोखून मीटर-दीड मीटर वर आलात तरी फुप्फुस फाटू शकतं. भाचीला मी सगळ्यात आधी हेच कळवलं.

मग ९६० चा हिशेब कागदावर मांडून फोटो पाठवला. गेजचा काटा थोडा चुकू शकतो, म्हणून ८६ चे ९० धर, असंही लिहिलं. तिने विचारलं, ‘आणि १८ मीटरवर?’ म्हटलं, तूच कर आणि मला पाठव. रात्री उत्तर आलं: ६० बार. बरोबर होतं.