मामांची वाटी आणि १५०० कॅलरी

तर झालं असं की ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेचा सरासरी आकडा, ६.१ आलं. ५.७ च्या खाली नॉर्मल आणि ६.५ पासून डायबेटिस, म्हणजे मी आपला मधल्या फलाटावर पिशव्या घेऊन उभा, गाडी कधीही लागू शकते. वजन ८४, उंची पाच फूट सहा, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २९.९. त्यातल्या त्यात खुशीत होतो की ३० च्या आत आहोत, तर डॉक्टर म्हणाले ते ३० गोऱ्या लोकांचं, आपल्याकडे २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठ. इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनला दोन मार्कांनी हुकलो तेव्हा माझ्यासाठी कोणी कटऑफ खाली आणली नव्हती, ती आता आणली.

मग डाएटिशियन. मुलगी वयाने लहान पण नजर डिट्टो आमच्या गणिताच्या बाईंची. तिने दिवसाला १५०० कॅलरी ठरवून दिल्या, फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं आणि म्हणाली, काका, काहीही खा, फक्त खाल्लेलं सगळं यात लिहा. मी त्यातलं 'काहीही खा' एवढंच ऐकलं.

घरी तसं जमत होतं. अॅप विचारतं किती पोळ्या, आपण दोन लिहायचं. पण मग ते विचारतं भाजी किती वाट्या, आणि इथे सगळी गाडी अडली कारण आमच्या घरात एकोणीस वाट्या आहेत आणि त्यातल्या दोन सारख्या नाहीत. डाएटिशियनची वाटी १५० मिलीची. मग एका रविवारी दुपारी मी ओट्यावर सगळ्या वाट्या मांडल्या आणि लेकीच्या खोकल्याच्या औषधाच्या मापाने एकेकीत पाणी ओतत बसलो. बायको दारात उभी राहून बघत होती, काही बोलली नाही, फक्त तिच्या आईला फोन लावायला आत गेली. शेवटी बरोब्बर १५० ला एकच वाटी भरली, माझ्या आईच्या लग्नातली, बुडाला ठिपक्याठिपक्यांनी 'मामांकडून सप्रेम १९७४' कोरलेली. किलोग्रॅमचा मूळ नमुना २०१९ पर्यंत पॅरिसजवळ तिजोरीत ठेवलेला होता आणि जगातले सगळे किलो त्याच्यावरून ठरायचे, तसं आमच्या घरात मामांच्या वाटीचं झालं. फरक एवढाच की मी ती तिजोरीत न ठेवता ऑफिसच्या बॅगेत ठेवली.

कारण खरा घोळ बाहेर. हॉटेलात भाजी वाटीत येतच नाही हो. हंडीत येते, कढईत येते, तांब्याच्या चिमुकल्या बादलीत येते, एकदा तर छोट्या हातगाडीवर बसून आली होती. आता याची नोंद काय करायची, पनीर, अर्धी बादली?

वाटीचं उद्घाटन हायवेच्या एका गार्डन रेस्टॉरंटमध्ये झालं. पनीर बटर मसाला आला, मी बॅगेतून वाटी काढली, भाजी भरली, चमच्याच्या दांड्याने वरून सपाट केली. लेक खाली वाकून सँडलचा पट्टा लावायला लागली, तो आधीच लागलेला होता. वेटर धावत आला, "सायेब, वाट्या कमी पडल्या का?" आणि चार वाट्या आणून ठेवल्या. मी अॅप उघडलं तर पनीर बटर मसाला एक वाटी याच्या अकरा नोंदी, १८० कॅलरीपासून ४२० पर्यंत. मी १८० निवडली. निवडीचं स्वातंत्र्य आहे तर ते वापरावं माणसाने. तोवर वाटीत कडेकडेने तेलाची केशरी किनार सुटायला लागली होती, आणि एक ग्रॅम तेल म्हणजे ९ कॅलरी हे मला पाठ असल्यामुळे मी तिच्याकडे न बघता खाल्लं.

रोटीचं तर विचारूच नका. मी म्हटलं रोटीला बटर नको, तर वेटर म्हणाला, "सायेब, बटरचे पैसे नाही लागत." त्याला खरंच वाटलं की मी पैशासाठी बोलतोय. मी परत म्हटलं नको, तर त्याने बायकोकडे असं बघितलं की घरात सगळं ठीक आहे ना. शिवाय बिनबटरची तंदूर रोटी पाच मिनिटांत चपलेच्या तळासारखी होते हे खाणाऱ्याला माहीत असतं आणि डाएटिशियनला नसतं. दुसऱ्या रोटीला बटर आलं. दहा ग्रॅम, ७२ कॅलरी, असं मी धरलं, म्हणजे वेटरचा हात जर डाएटिशियनचा असता तर दहा ग्रॅम.

आता कोणी म्हणेल की मेनूकार्डवरच कॅलरी छापलेल्या असतात ना हल्ली. असतात की. २०२२ पासून तसा नियमच आहे, ज्यांच्या दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा आहेत त्यांनी मेनूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी छापायच्या. लेकीच्या वाढदिवसाला मॉलमधल्या अशाच एका ठिकाणी गेलो होतो, तिथे मी मेनूकार्ड उजव्या बाजूने वाचायला घेतलं. तसं मी ते लहानपणापासून उजवीकडूनच वाचतो, पूर्वी किंमत बघायला, आता कॅलरी बघायला. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की सरासरी सक्रिय प्रौढ माणसाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात. मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, की बघ, सरकार २००० म्हणतंय आणि ही बाई मला १५०० वर बसवते. बायकोने कार्ड हातात घेतलं, 'सक्रिय' या शब्दावर बोट ठेवलं आणि परत दिलं. मी सूप मागवलं. मग लेकीचे फ्राईज, बायकोच्या पास्त्याचे तीन काटे, केकची नुसती चव, हे अर्थातच कुठे लिहिलं नाही, कारण ते माझ्या ऑर्डरमध्ये नव्हतं.

पण मुद्दा असा की हा नियम दहा शाखावाल्यांना. आणि मी राहतो पुण्यात. इथे जे जे काही खाण्यासारखं आहे त्याच्या दारावर अभिमानाने पाटी असते, 'आमची कोठेही शाखा नाही'. इतकी वर्षं मला वाटायचं हा पुणेरी बाणा आहे. तो कॅलरी न सांगण्याचा कायदेशीर बंदोबस्त आहे हे आत्ता कळलं.

रविवारची टेकडी आणि नंतरची मिसळ हाही याच खात्यातला प्रकार. आम्ही चौघं मित्र सकाळी तळजाईला अर्धा तास चालतो, त्यात माझ्या वजनाला साधारण दीडशे कॅलरी जळतात, आणि खाली उतरून त्यांचा सत्कार म्हणून मिसळ खातो. मी सभ्यपणे हळूच सांगितलं, एका मिसळीत फरसाण नको आणि तर्री नको. पोऱ्या म्हणाला, "काका, मग मटकीची उसळ म्हणा की." आणि भटारखान्याकडे तोंड करून आख्ख्या हॉटेलला ऐकू जाईल असा ओरडला, "तीन मिसळ, एक बिनफरसाण बिनतर्री काकांनाऽऽ!" आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली, काहींनी तर सहानुभूतीने, जसं कुणाच्या घरी काही झालंय. एक अनोळखी आजोबा जाता जाता खांद्यावर हात ठेवून विचारून गेले, बायपास का?

प्लेट आली तर नुसती मटकी, तिच्यावर कांदा, बाजूला दोन स्लाइस. इतकी केविलवाणी मिसळ मी कधी बघितली नव्हती. मग मित्राने सॅम्पलचं भांडं पुढे सरकवलं, की निदान रस्सा तरी घे. मी मामांची वाटी काढली आणि त्यात बुडवली. आता तेल पाण्यापेक्षा हलकं असतं हे शाळेत शिकवलं होतं, पण ते मिसळीच्या संदर्भात कधी शिकवलं नाही, वाटी बुडवली की पहिली आत येते ती तर्रीच. वर काढली तर काठोकाठ लालभडक. ओतून देणं बरं दिसलं नसतं. दुसऱ्या मित्राने स्वतःहून मूठभर फरसाण वर टाकलं आणि म्हणाला, आता कशी माणसात आलास.

या सगळ्यातून मी काही ना काही शिकत होतो असं मला वाटत होतं. मग मे महिन्यात साडूच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आला आणि त्यांनी सगळ्यांना थाळीला नेलं. अनलिमिटेड. आमरस सुरू.

थाळीला जाताना डाएटवरच्या माणसाने आपण डाएटवर आहोत हे सांगू नये ही एक गोष्ट मला आधी कोणीतरी सांगायला हवी होती. मी बसल्याबसल्या म्हणून गेलो आणि पुढची वीस मिनिटं माझं पोट हा सार्वजनिक विषय झाला. साडूच्या आत्या म्हणाल्या तुपाने वजन कमी होतं, त्यांनी वाचलंय. कोणी म्हणालं पुरण म्हणजे हरभऱ्याची डाळ, म्हणजे प्रोटीनच की. मेव्हणी म्हणाली, "भाऊजी, आजच्या दिवस काय होतंय, उद्यापासून करा." साडूंचे एक मित्र होते त्यांनी तीन महिने भात सोडलेल्या कुठल्यातरी सहकाऱ्याची गोष्ट सांगितली आणि शेवटी तो कसा चिडचिडा होऊन नोकरी सोडून गेला ते सांगून माझ्या पानात स्वतःच्या हाताने एक कोथिंबीर वडी टाकली.

आणि तो तूपवाला. बाकीचे वाढपी निदान विचारतात, भाजी देऊ, कढी देऊ. तूपवाला बोलत नाही. तो मागून येतो. मी पोळीवर हात आडवा धरला तर त्याने दोन बोटांच्या फटीतून बारीक धार अशी सोडली की हाताला एक थेंब लागला नाही आणि पोळी न्हाली. पन्नाशीकडे आल्यावर मला कळलं की पानावर हात आडवा धरणं ही आपल्याकडे 'नको'ची खूणच नाही, 'थोडा आग्रह करा'ची आहे. खरंच नको असेल तर पान सोडून उठावं लागतं, आणि तेव्हाही दारात विडा घेऊन कोणीतरी उभं असतं.

पण माझ्याकडे योजना होती. थाळीतल्या वाट्या लहान असतात, कोण कधी भरून जातं कळत नाही, गप्पांत लक्ष नसतं, हिशेब राहत नाही. म्हणून मी त्यांची आमरसाची वाटी बाजूला काढली आणि तिथे मामांची वाटी ठेवली, की जे काय घ्यायचं ते मोजून एकदाच, १५० मिली. रसवाला आला, थाळीत त्यांच्या वाटीच्या दीडपट वाटी बघितली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी विसरणार नाही. इतक्या वर्षांत त्याला स्वतःची वाटी घेऊन आलेलं गिऱ्हाईक भेटलं नसणार. "वा सायेब!" म्हणाला आणि काठोकाठ भरली. संपली की हजर. मी रसात पाणी नसलेलं ओळखून होतो, वर तुपाचा थेंब, किंचित वेलदोडा. शेजारून बायकोने विचारलं कितवी, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा हिशेब अगदी चोख निघाला. चार वाट्या. ६०० मिली.

रात्री अॅपमध्ये जमेल तेवढं लिहिलं तर आकडा २२०० वर जाऊन लाल झाला, तोही पुरणपोळी सोडून. झोप येईना म्हणून वाचत बसलो तेव्हा कळलं की आपण जिला कॅलरी म्हणतो ती खरं म्हणजे किलोकॅलरी, एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला लागते तेवढी उष्णता. आमचा गीझर १५ लिटरचा, पाणी २५ वरून ६५ अंशांवर न्यायचं तर ६०० लागतात. म्हणजे त्या एका जेवणात घरातल्या चौघांच्या आंघोळी निघून वर धुणं निघालं असतं. हे मी बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली उद्यापासून मग तूच तापव.

सकाळी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अरे, मामांची वाटी दिसत नाही."

मला घामच फुटला. अठरा वाट्या रांगेत आणि मधे एक जागा रिकामी. मामा जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांनी दिलेल्या सहापैकी ही शेवटची राहिली होती, आणि आईला मी ती बॅगेतून हॉटेलांतून फिरवतोय हे माहीत नव्हतं. ऑफिसला दांडी मारून अकरा वाजता थाळीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मॅनेजर गल्ल्यावर होते. मी सांगायला लागलो, एक स्टीलची वाटी, तर त्यांनी मागे फळीकडे हात केला, तिथे दीडएकशे वाट्यांचे मनोरे. म्हटलं तशी नाही, खाली नाव आहे, मामांकडून सप्रेम.

"हां हां, मामांची होय!" असं ते इतक्या ओळखीच्या सुरात म्हणाले की मला वाटलं मामा इथे यायचे की काय. गल्ल्यावरच होती वाटी. बिलाशेजारी, बडीशेप आणि खडीसाखरेने काठोकाठ भरलेली, वर छोटा चमचा. सकाळपासून चार गिऱ्हाइकांनी त्यातून खाल्लंही होतं. मी ती रिकामी करायला दुसरं भांडं शोधायला लागलो तर मॅनेजर म्हणाले, "राहू द्या हो साहेब, अशीच न्या. मामांची वाटी रिकामी नाही पाठवायची."

रिक्षात वाटी मांडीवर धरून बसलो. लक्ष्मी रोडला सिग्नल लागला तेव्हा पाऊण होती, घराच्या वळणावर बुडाचा स्टील दिसायला लागला. अॅपमध्ये बडीशेप चमच्याच्या मापाने मिळते. वाटीच्या मापाने मिळत नाही, मी बघितलं.