पनीरचं पाणी सांडपाण्यात का मिसळायचं : एका प्रतिक्रियेला उत्तर

कृष्णाकाठकर, पनीर करताना उरणारं पाणी शहराच्या सांडपाण्यात मिसळून प्लँटमधला गॅस वाढवावा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमच्या ‘डेअरीवाल्यांसाठी लिहिलेला लेख’ इथून सुरू होऊन ‘एकदा प्लँटवर जाऊन या’ इथे संपणाऱ्या मजकुराला मुद्दे म्हणायचं की टोमणे, तुम्हीच ठरवा. सांगली-मिरज पट्ट्यातले सांडपाण्याचे प्लँट चालवण्यात माझी सगळी नोकरी सरली. प्लँटची वाट मला दाखवू नका.

तुमचं मुख्य वाक्य आधी घेतो: ‘मिसळणं म्हणजे घाण पातळ करून लपवणं.’ लपवायची असती तर ती नाल्यातच सोडली असती की! हिशेब बघा. १० एमएलडी (दिवसाला एक कोटी लिटर) सांडपाणी, सीओडी, म्हणजे सेंद्रिय घाणीचं माप, लिटरला ४०० मिलिग्रॅम. यूएएसबीत, म्हणजे पाणी खालून वर जाताना हवेविना जगणारे जिवाणू घाण खाऊन गॅस करतात त्या टाकीत, ६५ टक्के, म्हणजे २६० कमी होतो. त्यातला साधारण ६० सीओडीइतका मिथेन पाण्यात विरघळूनच बाहेर जातो. हाती उरतो २०० चा गॅस, दिवसाला ७०० घनमीटर मिथेन. आता ६०,००० सीओडीचं पनीरचं पाणी ३३ घनमीटर मिसळा. सीओडी ६०० च्या आसपास जातो, ३९० कमी होतो, पण विरघळणारा मिथेन तेवढाच राहतो. मिथेन ११५० घनमीटरच्या घरात. भार दीडपट, गॅस त्याहून जास्त. बाहेर २१० सीओडी उरतो, तो पुढच्या टप्प्यातल्या एअरेशनला (हवा फुंकून शुद्धीकरण) द्यायचाच आहे. तरी ४०० सीओडीचं कच्चं सांडपाणी थेट एअरेशनवर चालवण्यापेक्षा ओझं निम्मंच.

मात्र टँकर आला आणि ओतला, असं चालत नाही. तुपकट अंश आधी फॅट ट्रॅपमध्ये (वर तरंगणारं तूप अडवणाऱ्या टाकीत) काढायचा, नाहीतर तो यूएएसबीतल्या जिवाणूंच्या गाळाला चिकटतो, गाळ तरंगतो आणि पाण्याबरोबर निघून जातो. मग इक्वलायझेशन (साठवून एकसारखं करण्याच्या) टाकीतून चोवीस तास सारख्या धारेनं डोसिंग. हे पाणी झपाट्यानं आंबतं आणि त्याची स्वतःची अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल झेलण्याची ताकद, नगण्य. सावरतं ते सांडपाणीच. व्हीएफए (आंबताना होणारी सेंद्रिय आम्लं) आणि अल्कलिनिटी यांचं गुणोत्तर रोज काढायचं, ०.४ च्या वर गेलं की डोसिंग बंद. पीएच पडायची वाट बघणारा ऑपरेटर उशिरा जागा होतो. पावसाळ्यात टाकीत पाणी वर चढण्याचा वेग, म्हणजे ऊर्ध्वगती, ताशी ०.७ मीटरच्या पुढे गेली तर जादा पाणी बायपास करा.

वासाची तुमची तक्रार मान्य. ओव्हरफ्लोच्या पन्हाळी उघड्या ठेवल्या की हायड्रोजन सल्फाइड येणारच, काँक्रीटही खातो. झाकणं लागतात.

तुम्ही दिलेलं कानपूरचं उदाहरण म्हणाल तर तिथल्या जाजमऊच्या ३६ एमएलडी यूएएसबी प्लँटमध्ये ९ एमएलडी टॅनरीचं (कातडी कमावणाऱ्या कारखान्यांचं) पाणी धरलेलं होतं, क्रोमियम आणि सल्फेटसकट. पनीरमध्ये क्रोमियम कुठून आणायचं, साहेब? बाकीच्या चार ओळींना उत्तर देत नाही.