व्हिनेगरचा वास, पत्र्याचे डबे आणि न झालेले स्कॅन: आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपल्या वडिलांनी चित्रित केलेली १६ मिमीची सहा रिळे वर्षभर आमच्या शीतगृहात होती. त्यांतील दोन रिळांना परत घेताना व्हिनेगरचा वास येत होता, एक आम्ही स्कॅन केले नाही आणि मूळचे पत्र्याचे डबे बदलले, अशी आपली तक्रार आहे.

डब्यांबाबत चूक सर्वस्वी आमची आहे. त्यांच्या झाकणांवर वडिलांच्या अक्षरात चित्रीकरणाच्या तारखा लिहिलेल्या होत्या, आणि असे डबे मालकाला विचारल्याशिवाय बदलायचे नसतात. सहाही डबे आमच्याकडे सुरक्षित असून ते आपल्याला घरपोच मिळतील. मात्र रिळे पुन्हा त्यांत ठेवू नयेत, ही विनंती आहे.

ही फीत सेल्युलोज ट्रायॲसिटेट या प्लास्टिकची आहे. उष्णता आणि दमटपणा यांमुळे तिच्यातून ॲसिटिक आम्ल (व्हिनेगरचा वास याचाच) सुटू लागते, घट्ट बंद डब्यात त्याची वाफ कोंडते आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला वेग देते. थंडीने ही क्रिया मंदावते. थांबत नाही, आणि झालेली हानी तर मुळीच भरून येत नाही. रिळे आली त्या दिवशी प्रत्येक डब्यात आम्ही आम्लदर्शक कागदी पट्टी ठेवली होती. ही पट्टी मुळात निळी असते, आम्ल वाढते तशी हिरवी आणि शेवटी पिवळी होते. या दोन डब्यांतल्या पट्ट्या तेव्हाच हिरव्या झाल्या होत्या आणि परत देतानाच्या तपासणीतही त्यांची छटा तीच राहिली, म्हणून बिघाड आमच्याकडे सुरू झाला असे मला वाटत नाही. तरीही हा निकाल आम्ही केवळ पावतीच्या मागे नोंदवला, आपल्याला समोर बसवून सांगितला नाही. वास अचानक समोर आल्यावर आपल्याला जो धक्का बसला, त्याचे कारण हेच आहे आणि त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

न झालेल्या स्कॅनचे कारण आकुंचन आहे. नव्या फितीत कडेच्या लागोपाठच्या दोन छिद्रांमधले अंतर सुमारे ७.६२ मिमी असते आणि प्रत्येक चौकटीला, म्हणजे एकेका चित्राला, एक छिद्र असते, म्हणून शंभर चौकटींची लांबी ७६२ मिमी भरायला हवी. आपल्या रिळात ती ७४५ मिमी भरली. आमच्या यंत्राच्या दातेरी चाकावर एवढी आखडलेली फीत चढवली असती, तर छिद्रे फाटत गेली असती, आणि ती जोखीम मी आपल्या एकमेव प्रतीवर घेऊ शकत नव्हतो. दात्यांऐवजी गुळगुळीत रोलरवर फीत चालवणारे स्कॅनर असतात. तसे यंत्र आमच्याकडे नाही, परंतु ते असलेल्या प्रयोगशाळेशी आपली गाठ घालून देण्याची जबाबदारी आमची आहे. हे काम लांबणीवर टाकू नये, कारण आकुंचन वाढत जाते.

तोपर्यंत वास येणारी दोन्ही रिळे उरलेल्या चारांपासून वेगळ्या, थंड व कोरड्या जागी ठेवावीत, कारण त्यांची वाफ शेजारच्या चांगल्या फितीलाही बाधते. डबे कोणत्या दिवशी पोहोचवावेत, ते कृपया कळवावे.