चार रंग ‘लागतात’ नव्हे, ‘पुरतात’

अंगणात फरशी घालायला निघालेल्या मंडळींमध्ये एक मेसेज फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: शेजारच्या दोन फरश्या एका रंगाच्या येऊ नयेत म्हणून किमान चार रंग घ्यावेच लागतात, हे गणिताने सिद्ध झालंय. चारही रंगांची सरमिसळ करून हाताला येईल ती लावा, रंग आपोआप सारखे पसरतात. आणि क्षेत्रफळाला फरशीच्या मापाने पूर्ण भाग जात असेल तर तोडातोडी करावी लागत नाही.

तिन्ही गोष्टी चूक. त्यातली पहिली खिशाला सर्वांत महाग पडणारी.

गणितात जे सिद्ध झालंय ते वेगळंच आहे. १८५२ साली फ्रान्सिस गथ्री याला इंग्लंडच्या परगण्यांचा नकाशा रंगवताना प्रश्न पडला: शेजारचे दोन भाग एका रंगाचे येऊ नयेत, तर कुठल्याही नकाशाला चार रंग पुरतील का? १८७९ मध्ये केम्पे या गणितज्ञाने सिद्धता दिली, ती १८९० मध्ये हीवुडने खोडून काढली. अखेर १९७६ मध्ये अॅपल आणि हाकेन यांनी संगणकाच्या मदतीने प्रश्न निकालात काढला. त्या आनंदात इलिनॉय विद्यापीठाच्या गणित विभागाने आपल्या टपालावर शिक्का मारायला सुरुवात केली: ‘चार रंग पुरतात’. पुरतात! लागतातच, असं कोणी म्हटलेलं नाही. पाहुण्यांना चार भाकऱ्या पुरतील म्हणजे चार खाल्ल्याशिवाय उठू देणार नाही, असा अर्थ होत नाही.

चौरस फरश्या सरळ ओळीत लावल्या तर दोनच रंग पुरे, बुद्धिबळाचा पट बघा. विटांसारखी रचना केली, म्हणजे खालचा सांधा वरच्या फरशीच्या मध्यावर आला, की प्रत्येक सांध्यापाशी तीन फरश्या भेटतात. तिथे तीन रंग लागतात आणि तीनच पुरतात. पहिल्या ओळीत लाल, करडी, पिवळी हा क्रम ठेवा. वरच्या ओळीत लाल-करडीच्या सांध्यावर पिवळी, करडी-पिवळीच्या सांध्यावर लाल, असं करत गेलात की गच्चीएवढी जागा असो की मैदानाएवढी, कुठेही चूक निघणार नाही. षटकोनी ब्लॉकला तीन. दुप्पट लांबीच्या ब्लॉकची माशाच्या काट्यासारखी काटकोनी गुंफण केली तरी तीनच. चौथ्या रंगाची गरज पडू शकते ती शहाबादीचे ओबडधोबड तुकडे जुळवताना. एका तुकड्याभोवती पाच तुकड्यांचं कडं बसलं आणि कड्यातला प्रत्येक तुकडा पुढच्याला कडेने चिकटला, तर तीन रंगांत भागत नाही.

‘पण कोपऱ्याला कोपरा लागतो त्याचं काय?’ हा ठरलेला पुढचा प्रश्न. तो स्पर्श या चार रंगांच्या प्रमेयात धरतच नाहीत. धरला तर भाकरीचे मध्यातून आठ तुकडे केल्यावर आठ रंग लागतील, मग चारची गोष्टच संपली.

आता सरमिसळ. २० बाय २० चौरस फरश्यांच्या अंगणात कडेला कड लागलेल्या ७६० जोड्या असतात. चार रंगांच्या प्रत्येकी १०० फरश्या डोळे मिटून लावल्या, तर त्यातल्या साधारण १९० जोड्या एकाच रंगाच्या येतील, मधूनच लाल ठिगळं दिसतील. जे टाळायला चार रंग घेतले तेच! (एका रंगाचे ब्लॉक दोन-तीन गठ्ठ्यांतून आळीपाळीने घ्यावेत हा मिस्त्रींचा सल्ला मात्र खरा. गठ्ठ्यागठ्ठ्यात छटा बदलते, ती त्याने लपते.)

राहिला भागाकार. अंगण ८ बाय ८ फुटांचं, एका कोपऱ्यात तुळशीला चौरस फूट सोडला, समोरच्या तिरक्या कोपऱ्यात मोरीला तेवढाच. उरले ६२ चौरस फूट. २ बाय १ च्या फरश्या घेतल्या तर हिशेबाने ३१. मागवा आणि लावून बघा, बसणार नाहीत. मनातल्या मनात अंगणावर एकेक फुटाचा काळा-पांढरा पट आखा. असे तिरके समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात, म्हणून उरतात एका रंगाचे ३२ आणि दुसऱ्याचे ३० चौकोन. फरशी कशीही ठेवा, ती एक काळा आणि एक पांढरा झाकते. तीस फरश्या बसल्या तरी एकाच रंगाचे दोन चौकोन उघडे राहतात आणि शेवटची फरशी कापावीच लागते. मोरी तुळशीच्या शेजारच्या कोपऱ्यात नेता आली, तर ३१ च्या ३१ अख्ख्या बसतात.